इंग्रजी भगर

मल्हारी आहेरांना इंग्रजी येत नाही, असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. त्यांची स्वतःची तर नव्हतीच. खात्याच्या परीक्षेत इंग्रजीच्या पेपरात ते दोनदा आपटले होते, पण त्याचा दोष ते पेपर काढणाऱ्याला देत. (त्यांच्या मते त्या गृहस्थाचं इंग्रजी कच्चं होतं.) पंच्याऐंशी साली त्यांनी तिसऱ्यांदा परीक्षा दिली. निकाल लागायचा होता. तो लागला की हेडक्लार्कची खुर्ची मिळणार, हे ते धरूनच चालले होते, आणि कचेरीत येता-जाता ते त्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून पाहत.

त्याच सुमारास त्यांच्या पत्नीला, नवसाबाईंना, चक्कर येऊ लागली. नाशिकमधल्या सातपूरच्या कॉलनीतला त्यांचा जिना काही मोठा नव्हता, पण पिशवी घेऊन वर येताना बाई मध्येच कठड्याला धरून उभ्या राहत. डॉक्टरांनी डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली.

"रक्त कमी आहे. गोळ्या देतो. आणि रोज दोन अंडी खायची."

"अंडं नाय चालायचं," नवसाबाई म्हणाल्या.

मल्हारी चक्रावले. कळवणला माहेरी दारात कोंबड्या फिरत. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला सासूबाईंनी अंड्यांची करंडी मांडीवर घेऊन एस.टी.नं प्रवास केला होता. आणि अंडं चालत नाही?

"का गं?"

"बोललेय मी."

"कुणाला? काय?"

"नवस सांगत नसतात."

बाई स्वतः नवसानं झालेल्या, म्हणून नाव नवसाबाई. त्यामुळे नवस ही गोष्ट त्यांना रेशनच्या दुकानाइतकी ओळखीची होती. गेले काही महिने त्यांचं अंडं-मटण बंद होतं. शिवाय सोमवार धरले होते, तेही कडक. दिवसभर चहा आणि संध्याकाळी वाटीभर भगर. मल्हारी आधी चिडले, मग समजावून थकले. सकाळी त्या ओट्याला धरून डोळे मिटून उभ्या राहिल्या की ते हातातला डबा ठेवून दारातच थांबत. या बाईला काही झालं तर आपलं काय, हा विचार ते पुरता करू शकत नसत, अर्ध्यातच सोडून कचेरीत जात. इतक्या वर्षांत तिच्यावर आपला जीव आहे, असं त्यांनी एकदाही म्हटलं नव्हतं. आता म्हणावं तर ती घाबरली असती.

तेव्हा त्यांनी एक छोटासा निर्णय घेतला. अंड्याइतकं ताकदीचं, पण उपासाला चालेल असं काहीतरी शोधून काढायचं. डॉक्टरांना विचारून त्यांनी माहीत करून घेतलं होतं की एका अंड्यात सहाएक ग्रॅम प्रथिनं असतात. आता फक्त समोर उभं करायला दुसरा पदार्थ हवा होता.

तो त्यांना एका सोमवारी कॉलेज रोडवर सापडला. कचेरीच्या कामाला गेले असताना नव्या दुकानावर इंग्रजीत पाटी दिसली. वरच्या ओळीत फास्ट फूड, खालच्या ओळीत हॅम्बर्गर.

मल्हारी सायकलवरून उतरले. कळवणच्या शाळेत मास्तरांनी 'फास्ट' म्हणजे उपास हे छडी मारून शिकवलं होतं, ते विसरणं शक्यच नव्हतं. फास्ट फूड, म्हणजे उपासाचं खाणं! खालचा शब्द त्यांनी सुटा करून वाचला. हॅम. बर. गर. आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. इंग्रजांना 'भ' कधी म्हणता आला होता? भायखळ्याचं त्यांनी बायकुला केलं, भडोचचं ब्रोच केलं. मग भगरीचं बर्गर करायला कितीसा वेळ! राहता राहिला 'हॅम'. तो 'होम'चाच कुणी भाऊबंद असणार. म्हणजे घरगुती भगर. (पाटी रंगवणाऱ्याचं इंग्रजीही कच्चं असावं, हे त्यांनी उदारपणे सोडून दिलं.)

गल्ल्यावर मुंबईहून आलेला मालक होता. मल्हारींनी मुद्दाम इंग्रजीत विचारलं, "धिस इज फॉर फास्ट?"

"येस सर! व्हेरी फास्ट!"

"प्युअर फास्ट?"

"सर, नाशिकमध्ये आमच्याएवढं फास्ट कुणी नाही."

"आत काय असतं?"

"पॅटी. बटाटा आहे, मसाला आहे, सगळं आहे."

बटाटा तर उपासाला चालतोच. मल्हारींचं समाधान झालं. "ताकद किती? प्रथिनं वगैरे?"

"भरपूर!"

मल्हारींनी तिथल्या तिथे तुलना केली. अंडं, सहा ग्रॅम. हॅम्बर्गर, भरपूर. भरपूर हे सहापेक्षा जास्तच असणार. पुडकं बांधून घेताना आपण बायकोला मरणाच्या दारातून परत आणतोय असं त्यांना वाटलं, आणि त्यांचे डोळे खरोखरच ओले झाले.

संध्याकाळी नवसाबाईंनी पुडकं उघडलं.

"ह्यो तर पाव हाय."

"पाव दिसतो. भगरीच्या पिठाचा आहे. इंग्रजी भगर."

"काय म्हणतात ह्याला?"

"हॅम्बर्गर."

"हंबरतं का ते?"

"अगं, पाटी वाचून आणलंय. उपासाचंच आहे. खा तू."

पाटी वाचून म्हटल्यावर बाईंनी पुडकं पुढ्यात ओढलं. नवऱ्याच्या इंग्रजीवर कचेरीचा नसेल, पण त्यांचा विश्वास होता. शिवाय भूक लागली होती. एक घास खाऊन त्या थांबल्या. "चव मटणासारखी लागतीय."

"तळलं की भगर अशीच लागते."

बाईंनी सगळं संपवलं. कागदाला लागलेला चुरासुद्धा बोटानं टिपून खाल्ला. कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर तरतरी आली, आणि मल्हारी त्या चेहऱ्याकडे बघतच राहिले. तेवढ्यात शेजारच्या कुसाबाई विरजण मागायला आल्या. दारातच त्यांनी नाक वर केलं.

"नवसाबाई, आज सोमवार ना? मग खिमा कुणी केला?"

नवसाबाईंनी कागद उचलला, वास घेतला आणि देवाच्या फळीकडे पाहिलं. रागावल्या असत्या तर मल्हारींना बरं वाटलं असतं. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "एकच सोमवार राहिला होता हो."

मल्हारी सायकल काढून तडक दुकानात गेले. "उपासाचं म्हणून खिमा विकता?"

"उपासाचं कोण म्हणालं?" मालक घाबरला. "बकऱ्याचा खिमा आहे, साहेब. एकदम ताजा."

"मग पाटीवर फास्ट का लिहिलंय?"

"फास्ट म्हणजे झटपट, साहेब. झटपट मिळणारं खाणं."

मल्हारींनी पाटीकडे पाहिलं. झटपट. त्यांना परीक्षेच्या पेपरातली एक ओळ आठवली. सायकलवर न बसता, ती हातात धरून ते चालत परतले. वाटेत दवाखाना होता. खिम्यानं बायकोला काही होणार तर नाही ना, हे विचारायला ते आत गेले. डॉक्टर आधी पोटभर हसले.

"काही होत नाही. रक्ताच्या हिशेबानं खिमा उलट चांगलाच. त्या एका बर्गरात दोन अंड्यांएवढी प्रथिनं असतील. पण त्यांच्यासोबत मैदा आला, तेल आलं, मीठ आलं. पोट भरतं दुप्पट, अंगी लागतं तेवढंच. रोज खायचं तर अंडंच बरं, मल्हारीराव."

अंड्याचं एक बरं आहे, मल्हारींच्या मनात आलं. त्याच्यावर पाटी नसते. फोडलं की आत काय ते दिसतं, कुणाला इंग्रजीत विचारावं लागत नाही. आपण तिला विचारलं असतं, की बाई, तुला एवढी कसली काळजी आहे, तर एवढा घोळ झाला नसता. पण आपण चिडलो, समजावलं आणि शेवटी पाटी वाचली. हे सगळं सरळ तिला सांगायचं असं ठरवून ते जिना चढले.

नवसाबाई अजून फळीसमोरच बसल्या होत्या. मल्हारी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले.

"चुकलं माझं. फास्ट म्हणजे झटपट होतं. मला वाटलं उपास. तुला चक्कर येते तेव्हा मला लय भीती वाटते गं." (कळवणची बोली त्यांच्या तोंडी कितीतरी वर्षांनी आली.)

बाईंनी वळून पाहिलं. आवाज मऊ झाला. "माझा नवस मोडला त्याचं नाय वाईट वाटत. तुमचं नुकसान झालं."

"माझं?"

"तुमच्याच परीक्षेचा नवस होता. इंग्रजीत पास होऊ दे म्हणून."

मल्हारी बोटानं फरशीवर रेघा ओढू लागले. मग म्हणाले, "पेपरात एक वाक्य होतं. भाषांतराला. या प्रकरणी फास्ट अ‍ॅक्शन घ्यावी, असं."

"मग?"

"मी लिहिलं, या प्रकरणी उपोषण करावे."

नवसाबाईंनी पदर तोंडाला लावला. आधी मल्हारींना वाटलं की ती रडतेय. पण खांदे हलत होते ते हसण्यानं. हसता हसता त्यांना ठसका लागला, मल्हारींनी पाणी दिलं, ते पिऊन त्या परत हसल्या.

"देवानं बरोबर केलं," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "म्हणला असंल, बाई, कशाला उपाशी राहते? तुझ्या मालकाचं इंग्रजी माझ्या हातातलं नाय. त्यापरीस खिमा खा."

"मग आता अंडी खाशील?"

"खाईन. उद्यापासून रोज दोन. जा, कोपऱ्यावरचं दुकान बंद व्हायच्या आत घेऊन या."

मल्हारी उठले. चपला घालत असताना आतून बाईंचा आवाज आला.

"अहो, फास्ट जा!" आणि क्षणभर थांबून, "म्हणजे उपाशी नाय हो, पळत जा!"