परात राहिली, मामा उडाले

परदेशातल्या कुणा भल्या माणसाचा लिनक्सवरचा फुकट प्रोग्राम शिरगावच्या प्रज्वलने विंडोजवर चालता केला आणि त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची, की कॉम्प्युटरमधल्या सारख्या फायलींपैकी एक ठेवून बाकीच्या पुसल्या जात. लायसनही दिलदार: घ्या, सुधारा, वाटा, फक्त काय बदललं ते लिहा. यातलं 'वाटा' उल्हासनगरच्या सिंधी मुकेश फोटोवाल्याने फारच मनावर घेतलं. प्रज्वलच्या बहिणीच्या, अक्षदाच्या लग्नाचे फोटो त्यानेच काढले होते.

अल्बम सासरी पोचला आणि अक्षदाचा फोन आला.

"दादा, अल्बममध्ये महिपतीमामा नाहीत रे! ह्यांचे सख्खे मामा! म्हणतात, ज्या अल्बमात आपण नाही, त्या घरचं पाणी नको. सासूबाई माझ्याशी बोलेनात."

"असं कसं? फेटा बांधून उभे होते की!"

"त्यांच्या जागी जिलेबीची परात आहे. पानभर!"

प्रज्वल तडक मुकेशकडे गेला.

"साईं, तुझा प्रोग्राम एक नंबर!" मुकेश खूश. "फटाफट सगळा कचरा साफ!"

त्या कचऱ्यात मामा होते. काम झटपट व्हावं म्हणून प्रज्वलने प्रोग्रामला फायलीच्या आत बघायला न लावता नुसता तिचा आकार, म्हणजे ती किती बाइटची, एवढंच ताडायला लावलं होतं. मामांचा फोटो आणि परातीचा फोटो आकाराला नेमके सारखे भरले. प्रोग्रामने परात ठेवली, मामा पुसले. कॅमेऱ्याचं कार्ड तर केव्हाच दुसऱ्या लग्नाला गेलेलं.

चूक प्रज्वलने तिथेच दुरुस्त केली. "आणि हा प्रोग्राम सीडीवर घालून कुणाकुणाला दिलास?"

"विठ्ठलवाडीपासून अंबरनाथपर्यंत सगळे फोटोवाले आपले भाईच ना! तूच बोलला, वाटा."

झालं! आणखी कुणाचे मामा जायच्या आत नवी सीडी वाटायला दोघं निघाले. अंबरनाथला कमळाकरच्या स्टुडिओसमोर प्रज्वलचे पाय थबकले. काचेत, दाराएवढे, फेटा बांधून महिपतीमामा!

"हे कुठून आले?"

"तुमच्या सीडीतूनच की," कमळाकर म्हणाला. "मला वाटलं, सॅम्पल दिलंय. काय रुबाब आहे माणसाचा!"

मुकेशने डोकं खाजवलं. "प्रोग्राम चालवायच्या आधीच सीडी बनवल्या होत्या ना. तुझ्या बहिणीच्या लग्नाच्या फोल्डरमध्येच पडला होता प्रोग्राम. निवडत कोण बसणार? पूरा फोल्डर उचलला."

प्रज्वलने मुकेशच्या आळसाला देव मानून नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी मामांना काचेसमोर आणून उभं केलं. मामा बराच वेळ स्वतःकडे बघत राहिले. एक रिक्षावाला आळीपाळीने दोघांकडे बघून म्हणाला, "शेठ, तुम्हीच का ते?" मामांनी मिशीवरून हात फिरवला आणि संध्याकाळी अक्षदाकडे पोटभर जेवले. सासूबाईंनी सुनेला चहा करून दिला.

आठवड्याने पुन्हा फोन.

"दादा, मामा परत रुसले. कमळाकर त्यांना म्हणाला, नव्या सीडीत तुम्ही नाही."

"अगं, लग्नाचे फोटो काढून ती सीडी मीच साफ करून दिली!"

"तेच म्हणतात ते. पोरगा शिकलेला, पण माणसं पुसायची खोड जात नाही."

प्रज्वल कॉम्प्युटरसमोर बसला. नवी सीडी भरली आणि लायसनच्या अटीप्रमाणे काय बदललं ते प्रामाणिकपणे लिहिलं: 'आधीच्या खेपेत चुकून गाळलेले मामा सन्मानपूर्वक परत घातले आहेत.'