बिटाचा कदरदान

शनिवारी टोपलीत आलेल्या बिटाचं घड्याळजींनी तोंडभरून कौतुक केलं आणि तिथेच सगळा घोळ झाला. कारण बीट त्यांना जन्मात कधी आवडलं नव्हतं.

पण करणार काय, धंद्याची सवय! गिऱ्हाईक चार घड्याळं घेऊन आलं, की त्यातल्या सगळ्यात भंगार घड्याळाची आधी तारीफ करायची, म्हणजे माणूस दुखावत नाही. गावाबाहेरच्या छोट्याशा मळ्यातून दर शनिवारी भाजीची टोपली यायची. काय आवडलं ते चिठ्ठीवर लिहून रिकाम्या टोपलीत ठेवायचं. मळेवाल्या ताई त्याप्रमाणे पुढची टोपली भरत. घड्याळजींचा खरा जीव मटारावर. कोवळा, गोड, आणि मिळणार जेमतेम महिनाभर. पण मटाराला कौतुकाची काय गरज? त्यांनी लिहिलं, 'बीट फार सुरेख.'

पुढच्या शनिवारी बीट दुप्पट आलं आणि मटार निम्मा.

"आता तरी कमी करायला सांगा," बायको म्हणाली.

"अगं, इतक्या प्रेमाने देतात त्या. तोंडावर कसं सांगायचं?"

"तोंडावर कुठे? चिठ्ठीच तर लिहायचीय!"

त्यांनी लिहिलं, 'या वेळचं तर अप्रतिम.'

मग काय विचारता! बायकोने बीट किसलं, उकडलं, परतलं. सोलायचं काम घड्याळजींकडे. त्यांची बोटं लाल झाली, घड्याळांच्या पांढऱ्या तबकड्यांवर लाल ठसे उमटले. एका गिऱ्हाइकाने तर घाबरून मलमपट्टी आणून दिली. शेवटी त्यांनी अर्धी टोपली शेजारच्या शिंप्याच्या गळ्यात मारली. शिंपी पडला भोळा. तो मळेवाल्या ताईंना म्हणाला, "घड्याळजींना बिटाचं इतकं वेड, की लोकांना वाटत सुटलेत!"

चौथ्या शनिवारी टोपलीत नुसतं बीट होतं आणि वर चिठ्ठी: 'दादा, अख्खा वाफा तुमच्यासाठी राखून ठेवलाय. मटार बाकीच्यांना दिला. आता शेवटची तोडणी उरलीय.'

"वाचलंत? शेवटची!" बायकोने सायकलची किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. "आत्ता जा आणि खरं बोलून या. नाहीतर बसा पुढच्या वर्षापर्यंत वाट बघत."

ताई मळ्यात मटाराच्या शेंगा तोडून टोपलीत टाकत होत्या. घड्याळजींनी डोळे मिटले आणि एका दमात सांगून टाकलं, "ताई, मला बीट आवडत नाही. कधीच आवडलं नाही."

ताई बांधावर टेकून पोट धरधरून हसल्या. "अहो दादा, माझ्याही घशाखाली उतरत नाही! कुणीच घेईना, म्हणून उपटून टाकणार होते. म्हटलं, चला, एक तरी कदरदान भेटला!"

त्यांनी ओंजळभर शेंगा पुढे केल्या. गार, गोड दाणे दाताखाली फुटले आणि घड्याळजींना एकदम भरून आलं. कुणीतरी उन्हातान्हात वाकून आपल्यासाठी हे पिकवतं, केवढं आपलं भाग्य! "ताई, असा मटार मी आयुष्यात खाल्ला नाही. फार उपकार आहेत तुमचे."

ताईंनी भुवई उंचावली. "खरं की बिटासारखंच? तुमच्या कौतुकाचा आता काही भरवसा नाही बाई."

घड्याळजींनी बांधावर मांडी ठोकली, टोपली जवळ घेतली आणि एकामागून एक शेंगा फोडून खायला सुरुवात केली.

"पुरे, पुरे! पटलं!" ताईंनी टोपली ओढून घेतली. "वहिनींसाठी थोडा राहू द्या!"