बेडकाचे नऊ लाख

कवळीभाऊ दवाखान्याच्या मागच्या खोलीत दातांच्या कवळ्या बनवत. पण तो, त्यांच्या मते, नुसता पोटापुरता उद्योग होता. मुळात ते गुप्तहेर. "माणसानं तोंड उघडायच्या आत मी त्याचं मन वाचतो," असं ते सांगत. दोन महिन्यांपूर्वी त्यांची स्वतःचीच चप्पल हरवली होती. तिचा तपास अजून चालू होता, आणि त्यात काउंटरवरच्या ताईंना मदतनीस म्हणून जुंपलेलं होतं.

आज मात्र ताईंमध्ये त्यांचं काही ऐकायची ताकद नव्हती. काउंटरच्या कॉम्प्युटरवर डॉक्टर रोज बेडूकउडी खेळत. ब्राउझर उघडायचा, स्पेसबार दाबायचा, बेडूक दगडावरून उडी मारतो, खेळ एवढाच. डॉक्टरांचा उच्चांक होता आठशे चाळीस. पेशंटचं तोंड उघडं असलं, की ते त्याला हा आकडा हमखास ऐकवत. आज सकाळी त्या जागी दिसले नऊ लाख नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव!

"या कॉम्प्युटरवर तुम्हीच बसता, ताई," डॉक्टर म्हणाले. "संध्याकाळपर्यंत उलगडा झाला नाही, तर उद्यापासून दुसरी नोकरी बघा."

एका बेडकापायी नोकरी जाणार, या विचारानं ताईंना रडू फुटायचंच बाकी होतं. कवळीभाऊ खुशीत होते. त्यांनी भिंग लावून माऊस तपासला.

"गुलाबी मेण! आरोपी मेणाशी संबंधित आहे."

"भाऊ, कवळ्यांचं मेण ते, तुमच्याच बोटाचं."

"माझ्यावर आळ घेण्याचा डाव! हुशार आहे आरोपी."

मग बाकावर गाल धरून बसलेल्या गृहस्थांची पाळी आली. उजवा हात गालावर, म्हणजे डावा खेळायला मोकळा.

"अहो, मी आत्ता आलोय," गृहस्थ विव्हळले. "दाढ काढा आधी!"

"सेकंदाला एक उडी धरली, तरी इतक्या उड्यांना दहा-बारा दिवस न जेवता बसावं लागेल," भाऊंनी हिशेब मांडला. "ताई, सकाळी काय खाल्लंत?"

"काही नाही. घास उतरला नाही काळजीनं."

"डॉक्टर, आरोपी सापडला!"

तेवढ्यात डॉक्टरांच्या पत्नी डबा घेऊन आल्या. वहिनी शाळेत कॉम्प्युटर शिकवत. आरडाओरडा ऐकून त्यांनी डबा टेबलावर ठेवला.

"अहो, त्या बिचारीला कशाला छळताय? ते मी केलंय. काल तुम्हाला न्यायला आले, तर बाहेर माणसं कळवळताहेत आणि तुम्ही बेडूक उडवताय. तुम्ही आवरायला आत गेलात, तेव्हा म्हटलं, आकडा असा ठेवावा, की पुन्हा खेळावंसंच वाटू नये."

"पण एवढ्या उड्या मारल्यास कधी?"

"एकही नाही मारली. हा खेळ गुण इथंच ब्राउझरात ठेवतो, उघड्यावर. जुना आकडा खोडायचा, हवा तो लिहायचा. माझ्या सहावीतल्या पोरांनासुद्धा येतं."

"माझा संशय पहिल्यापासून घरच्यांवरच होता," कवळीभाऊ म्हणाले. कुणी लक्ष दिलं नाही.

डॉक्टरांनी ताईंची मनापासून माफी मागितली. मग ते बायकोकडे वळले. "अगं, मग माझा आकडा परत लिहून देशील?"

"आठशे चाळीस ना?"

डॉक्टरांनी बाहेरचं दार लोटून घेतलं. "नऊशे लिही," ते हळूच म्हणाले. "परवा अगदी थोडक्यात हुकलो होतो."

ताईंनी घसा खाकरला.

"डॉक्टर, माझी शनिवारची रजा मंजूर समजू ना?"