आधी सूट की आधी कर

स्वयंपाकघरातल्या नळाचं मुंडकं सकाळी दहा वाजता काकूंच्या हातात आलं. त्यांनी जोरबीर काही लावला नव्हता, रोजच्यासारखा फिरवला होता इतकंच. पाण्याची धार थेट समोरच्या भिंतीवर गेली आणि कॅलेंडरातला चालू महिना चिंब भिजला. गच्चीवरच्या टाकीची चावी गंजून घट्ट बसलेली, ती काही फिरेना. कापडाचा बोळा कोंबला, तो धारेबरोबर काकांच्या छातीवर येऊन बसला. सुदैवाने प्लंबर खालच्याच मजल्यावर काम करत होता. त्याने वर येऊन पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला आणि धार थांबली.

"काका, अर्ध्या इंचाचा पितळी नळ घेऊन या. तोवर मी असाच बसतो. पण पटकन या, अंगठे दोनच आहेत मला."

काकांनी पिशवी घेतली. काकू दारापर्यंत आल्या.

"अहो, नळ घ्यायचा आणि यायचं. बिल वाचत उभं राहायचं नाही."

"मी कशाला वाचू," काका म्हणाले, आणि चष्मा घेऊन निघाले.

सगळी गल्ली काकांना ऑडिटर म्हणत असे. प्रत्यक्षात त्यांची नोकरी ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारण्यात गेली होती. पण बारा वर्षांपूर्वी एका किराणावाल्याने एकाच साबणावर दोनदा कर लावला होता, तो काकांनी पकडला आणि चार रुपये परत मिळवले. त्या दिवसापासून हे नाव चिकटलं. काकांनीही ते मनावर घेतलं. त्यानंतर बारा वर्षांत त्यांना एकही चूक सापडली नव्हती, पण शोध चालू होता.

हार्डवेअरचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे. दारावर फलक: सर्व मालावर दहा टक्के सूट. दुकानदाराने नळाचा खोका खाली काढला, आठवड्यापूर्वी घेतलेल्या नव्या मशीनवर बोटं आपटली आणि बिल फाडून हातात दिलं. नळ पाचशे. अठरा टक्के कर नव्वद. एकूण पाचशे नव्वद. वजा दहा टक्के सूट, एकोणसाठ. द्यायचे पाचशे एकतीस.

काकांनी पैसे दिले. खोका पिशवीत टाकला. पाय दाराकडे वळले. आणि नजर बिलावर गेली.

"शेठ, हे उलटं झालंय."

"काय उलटं?"

"तुम्ही आधी कर लावलात आणि मग सूट दिलीत. आधी सूट द्यायला हवी. नळ मला साडेचारशेला पडला, तर कर साडेचारशेवर. जे पन्नास मी दिलेच नाहीत त्यांच्यावर कर कसला?"

मुद्दा ऐकायला इतका रास्त होता की दुकानदारही क्षणभर घुटमळला. "मशीन करतं तसं," तो म्हणाला. "मशीन चुकत नाही."

"मशीनला माणूसच शिकवतो ना."

मागे रंगाचा डबा घेऊन एक बाई उभ्या होत्या. गळ्यात मोजपट्टी तशीच लोंबत होती, म्हणजे शिवणकाम अर्धवट टाकून आलेल्या. त्यांच्यामागे बिजागऱ्यांचं पुडकं घेतलेला मिस्त्री, त्याच्यामागे आणखी पाचसहा जण.

"काका बरोबर बोलतायत," रांगेतून कोणीतरी म्हणालं. "मी परवा पंखा नेला. माझाही कर आधीच लावला असणार."

"उलट तेच फायद्याचं," मिस्त्री म्हणाला. "आधी कर लावला की सूट करावर पण मिळते. काकांचं ऐकाल तर खड्ड्यात जाल."

झालं. रांगेचे दोन तट पडले. अर्धे 'आधी सूट'वाले, अर्धे 'आधी कर'वाले. माल विकत घ्यायचं सगळेच विसरले. कडी घ्यायला आलेला एक गृहस्थ कुठल्या बाजूला जावं हे न कळून दोघांनाही मान डोलावत राहिला.

काकांचा फोन वाजला.

"कुठे आहात?" काकू.

"निघतोच आहे. जरा एक तत्त्वाचा प्रश्न आलाय."

"प्लंबरचा उजवा अंगठा बधिर झालाय. आता डावा लावलाय."

"दोन मिनिटं," काका म्हणाले आणि फोन खिशात टाकला.

"तोंडाने बोलून काय होणार, कागदावर मांडा," टेलरबाई म्हणाल्या. मग काकांनी बिल उलटं केलं, दुकानदाराकडून पेन घेतलं आणि सगळ्यांना दिसेल असं मोठ्या अक्षरात मांडलं. पाचशे वजा पन्नास, साडेचारशे. साडेचारशेवर अठरा टक्के, एक्याऐंशी. बेरीज केली. पाचशे एकतीस.

काकांनी बेरीज पुन्हा केली. पाचशे एकतीसच.

"असं कसं?" ते स्वतःशीच पुटपुटले. मिस्त्रीचाही विश्वास बसेना. त्याने टेलरबाईंचा रंगाचा डबा घेऊन दोन्ही रीतींनी हिशेब केला. बाराशेचा डबा, दोन्हीकडून बाराशे चौऱ्याहत्तर रुपये चाळीस पैसे. दोन्ही तट एकमेकांकडे आणि मग काकांकडे बघू लागले. भांडायला काही उरलंच नव्हतं, त्याचा राग दोघांनाही आला होता.

"कापड आधी आडवं कापा नाहीतर उभं," टेलरबाई शांतपणे म्हणाल्या, "तुकडा उरायचा तेवढाच उरतो. तसंच आहे हे."

कोणीतरी फिसकन हसलं. काकांचे कान तापले. बारा वर्षं कमावलेलं नाव एका नळापायी गेलं, असं त्यांना वाटलं. दुकानदाराने मोठ्या मनाने पेन परत घेतलं आणि तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. काकांच्या बोटाने घाईत स्पीकर दाबला.

"अहो, प्लंबर गरम पाण्यात हात शेकत बसलाय," काकूंचा आवाज दुकानभर घुमला. "आता मीच धरून बसलेय. नळ अर्ध्या इंचाचाच घेतलात ना? का भांडणात दुसराच उचललात? खोक्यावर काय लिहिलंय ते वाचा बघू."

काकांनी निमूटपणे खोका काढला, चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचलं, "स्वयंपाकघरासाठी पितळी नळ. अर्धा इंच. जास्तीत जास्त किंमत पाचशे रुपये. सर्व करांसहित."

मिस्त्रीने मान पुढे काढून खोक्यावरची ओळ स्वतः वाचली.

"अर्धा इंच आहे ना, मग या लवकर," काकूंनी फोन ठेवला.

"सर्व करांसहित," मिस्त्री सावकाश म्हणाला. "म्हणजे कर किमतीतच आहे."

"म्हणजे नळ साडेचारशेचाच," टेलरबाई म्हणाल्या. त्यांनी आपला रंगाचा डबा फिरवून बघितला. त्यावरही तेच. बिजागऱ्यांच्या पुडक्यावर तेच. दुकानदाराने मागच्या फळीवरून एक एक वस्तू उतरवून वाचायला सुरुवात केली, आणि प्रत्येक वस्तूगणिक त्याचा चेहरा उतरत गेला.

"भाच्याने बसवून दिलं हो मशीन," तो रडवेला होऊन म्हणाला. "आठवडाभर मी सगळ्यांकडून कर दोनदा घेतोय. माझ्या लक्षात कसं आलं नाही?"

माणूस लबाड नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावरूनच दिसत होतं. त्याने तिथल्या तिथे जाहीर केलं की ज्याचे जास्त घेतले त्याला ते परत मिळतील. पंखावाला बिल आणायला घरी धावला. बातमी गल्लीत पोचली आणि लोक जुनी बिलं घेऊन येऊ लागले. दुकानदाराने आपली खुर्ची ओढून काकांपुढे ठेवली.

"ऑडिटरसाहेब, बसा. तुम्हीच हिशेब करून द्या सगळ्यांचा. तुमच्यावर लोकांचा विश्वास आहे."

काकांनी खुर्चीकडे बघितलं. बारा वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो समोर आला होता, आणि त्याला गादीसुद्धा होती. मग त्यांना पाइपावर अंगठा दाबून बसलेली काकू दिसली. तिच्या बोटांना हिवाळ्यात साधी सुई धरवत नसे.

"या बाईंना बसवा," ते टेलरबाईंकडे हात करून म्हणाले. "यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं." आणि पिशवी छातीशी धरून ते पळत सुटले.

तीन जिने धापा टाकत चढून ते आत शिरले तर स्वयंपाकघरात ही गर्दी. वरच्या मजल्यावरच्या वहिनी, समोरचे आजोबा, तळमजल्यावरची दोन बिऱ्हाडं, सगळे बादल्या घेऊन रांगेत. काकू स्टुलावर बसून मोठ्या पातेल्यातून प्रत्येकाला पाणी देत होत्या. प्लंबर चहा पीत होता. पाइपचं तोंड उघडंच होतं आणि त्यातून थेंबही येत नव्हता.

"टाकी केव्हाच रिकामी झाली," काकू म्हणाल्या. "याचा अंगठा सुटला तेव्हा घरात होती नव्हती तेवढी भांडी भरून घेतली. आता सगळ्या इमारतीत पाणी आहे ते आपल्याकडेच."

"आणि फोनवर म्हणालीस, मीच धरून बसलेय."

"बसले होतेच की. पातेलं धरून."

प्लंबरने चार मिनिटांत नळ बसवला. हात पुसत तो म्हणाला, "चांगला नळ आणलात काका. पाच वर्षं वॉरंटी आहे. बिल तेवढं जपून ठेवा, त्याशिवाय दुकानदार बदलून देत नाही."

काकांनी पिशवी उलटी केली, दोन्ही खिसे चाचपले. बिल दुकानातच राहिलं होतं. शिवाय एक्याऐंशी रुपयेही तिथेच होते.

ते परत गेले तेव्हा रांग दुकानाबाहेर कोपऱ्यापर्यंत आली होती. काका मुकाट्याने शेवटी उभे राहिले. पाऊण तासाने त्यांचा नंबर लागला. खुर्चीत टेलरबाई बसल्या होत्या, कानामागे पेन, समोर बिलांची चळत. त्यांनी मान वर केली नाही.

"बिल?"

"बिल नाही माझ्याजवळ."

"बिल नसेल तर काही करता येणार नाही, काका. नियम सगळ्यांना सारखा. मागे किती लोक उभे आहेत बघा."

काकांनी आयुष्यात प्रथमच काही वाद घातला नाही. नियम त्यांना पूर्ण पटला होता. ते वळले, तशी टेलरबाईंनी अर्धी चळत त्यांच्यापुढे सरकवली आणि पायाने एक रंगाचा रिकामा डबा पुढे ढकलला.

"बसा त्याच्यावर. ही तुम्ही करा. यातच कुठेतरी तुमचंही सापडेल."

संध्याकाळी काकूंनी फोन केला तेव्हा काका सत्तेचाळिसाव्या बिलावर होते. आपलं त्यांना अजून सापडलं नव्हतं, आणि त्यांना काही घाईही नव्हती.