चिंचोळकर कंडक्टरांचं विमान

चिंचोळकर काका कुणाला ‘कसे आहात’ असं विचारत नाहीत. ‘कितीचं तिकीट पडलं?’ असं विचारतात. पाहुणा लग्नाला आलेला असो की मातीला, त्याने पायातली चप्पल काढायच्या आत हा प्रश्न आलाच म्हणून समजा. आमच्या गल्लीतले म्हातारे गुरुजी वारले, तेव्हा त्यांचे दोन्ही मुलगे पुण्याहून विमानाने नागपूरला आणि तिथून गाडी करून आदिलाबादला आले. सगळी गल्ली धाकट्याला धरून रडत होती. काकांनीही त्याच्या पाठीवरून हात फिरवला, स्वतःचे डोळे पुसले आणि विचारलं, “कितीचं पडलं रे बाबू?”

मुलगा हुंदका देत म्हणाला, “सहा हजार चारशे.”

“अन् तुह्या भावाले?”

“अकरा हजार.”

दोघे एकाच विमानात शेजारी शेजारी बसून आले होते. काका तिथंच पायरीवर मटकन बसले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. सगळ्यांना वाटलं, गुरुजींमुळे. खरं कारण काकूंनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

माणसाला असं का व्हावं, हे कळायला त्यांची नोकरी माहीत पाहिजे. काका चौतीस वर्षं सरकारी बसमध्ये कंडक्टर होते. आदिलाबाद ते तामसी, आदिलाबाद ते बाजारहत्नूर, हे त्यांचे मार्ग. प्रत्येक टप्प्याचा दर त्यांना आजही तोंडपाठ आहे. सरपंच चढो की भिकारी, तेवढाच पैसा. “रेट म्हंजे रेट,” हे त्यांचं पहिलं वाक्य आणि “पुढं सरका, मंदी जागा हाय,” हे दुसरं. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांचा तर त्यांना विलक्षण राग. ते रुमाल उचलून ड्रायव्हरपाशी नेऊन ठेवत आणि म्हणत, “रुमाल पॅसेंजर नसते.”

स्वतःच्या बायकोलाही त्यांनी कधी सूट दिली नाही. काकू बसमध्ये चढल्या की काका त्यांना ‘बाई’ म्हणत, तिकीट फाडून हातात देत आणि स्वतःच्या खिशातले पैसे चामड्याच्या पिशवीत टाकत. गर्दी झाली तर आधी कंडक्टरच्या घरच्यांनी उठायचं, हा त्यांचा कायदा. लेकीच्या, पुष्पीच्या, वेळी सातवा महिना असताना काकू तामसीहून आदिलाबादपर्यंत उभ्या आल्या. बसायला जागा मिळाली होती, पण वाटेत एक म्हातारी चढली आणि काका म्हणाले, “बाई, मावशीले बसू द्या.” काकू हा किस्सा हसून सांगतात. त्या सांगायला लागल्या की काका उठून अंगणात जातात, एवढं मी पाहिलेलं होतं. का जातात, ते तेव्हा विचारलं नाही.

ती पुष्पी आता बंगळुरूला असते. गेल्या हिवाळ्यात कळलं की तिला एप्रिलात बाळ होणार. सासू नाही, नवरा दिवसभर ऑफिसात, आणि डॉक्टरांनी तिला जपायला सांगितलेलं. काकूंनी जाणं भागच होतं. पण काकूंची कंबर अशी की एक दिवस-एक रात्र रेल्वेत काढणं जमणारं नव्हतं. राहिलं विमान.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवतो. त्यामुळे विमानाच्या तिकिटाचं गणित काकांना समजावणं माझ्या गळ्यात पडलं. ते सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी येत आणि मला मोबाईल उघडायला लावत. सकाळी पाच हजार दोनशे. दुपारी सहा हजार नऊशे. संध्याकाळी पुन्हा पाच हजार पाचशे.

“मास्तर, दुपारून बंगळूर लांब गेलं काय?”

मी मागणी, पुरवठा, रिकाम्या जागा असलं बरंच काही बोललो. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “हे तुमी पोट्टेयले शिकवून राह्यले?” बावीस वर्षांच्या नोकरीत माझा इतका अपमान शिक्षणाधिकाऱ्यांनीही केला नव्हता.

त्यातच नागपूरहून बंगळुरूला जाणाऱ्या कंपनीने मोठी सवलत काढली. कंपनीचं नाव लिहीत नाही, आता तिला त्रास देण्यात अर्थ नाही. एप्रिल-मे महिन्यांची तिकिटं अडीच हजारात. गल्लीत झुंबड उडाली. माझा मुलगा बंगळुरूला शिकतो, म्हणून मीही मे महिन्याची दोन तिकिटं काढून ठेवली आणि काकांना म्हणालो, “बाळंतपण एप्रिलात आहे. एप्रिलची काढून टाका. यापेक्षा स्वस्त मिळणार नाही.”

काकांनी चष्मा लावून पेपर माझ्यासमोर धरला. आतल्या पानावर त्याच कंपनीची बातमी होती. इंजिनं नाहीत म्हणून निम्मी विमानं उभी, वैमानिकांचे पगार थकलेले, एका विमानाचे भाग काढून दुसऱ्याला लावलेले.

“आपल्या डेपोत असं व्हाचं, मास्तर. या गाडीचं टायर त्या गाडीले. तवा आमाले कळे, साल काही बरं नाही. अन् हे आता उद्याच्या पॅसेंजरच्या पैशात आजचं डिझेल भरून राह्यले. एप्रिल काही पाहत नाही हे इमान.”

मग त्यांनी मला एका ट्रॅव्हल्सवाल्याची गोष्ट सांगितली. त्याने दिवाळीआधी वर्षभराचे पास अर्ध्या किमतीत विकले होते आणि दिवाळीनंतर त्याच्या ऑफिसला भलं मोठं कुलूप लागलं. काकांचा फैसला झाला. जायचं ते आत्ता, संक्रांतीच्या सुट्टीत. काकूंना तिथं सोडायचं, पुढचे तीन महिने राहू दे लेकीपाशी.

गल्ली हसली. मीही हसलो. आठवड्यावर आलेलं तिकीट तिप्पट भावाचं होतं. रेट म्हंजे रेट म्हणणारा माणूस अडीच हजारांचं सोडून आठ हजारांचं घेतोय, यासारखी मजा कुठली?

पण खरी अडचण गल्लीची नव्हती, काकूंची होती. आमच्या तेलंगणात बायांना बसचा प्रवास फुकट झालाय. आधार कार्ड दाखवलं की कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट देतो. सगळे त्याला झिरो तिकीट म्हणतात. तेव्हापासून काकू मुधोळच्या बहिणीकडे इतक्यांदा जाऊन आल्या की बहीण आता चहाला साखर कमी टाकते. काकूंचं एकच म्हणणं, “बसनं पार हैदराबादपर्यंत मले फुकट हाय. इमानाले काऊन पैसे देऊ? तेवढ्यात लेकराले चांदीचे वाळे येतात.” आठ हजार हा आकडा ऐकून तर त्यांनी पिशवीत भरलेले डिंकाचे लाडू पुन्हा डब्यात भरले. मी बोलून पाहिलं, पुष्पी फोनवर रडली, तरी काकू काही हलेनात. काकांचं तोंड एवढंसं झालं. विमान उभं राहण्याआधी ही बाई लेकीपाशी पोचते की नाही, एवढा एकच घोर त्यांना लागला होता.

आणि एका सकाळी पाहतो तर काकू अंगणात बॅगेला दोरी बांधतायत.

“निघालात?” मी विचारलं.

“हो न. त्यायनं केलं काहीतरी,” काकू म्हणाल्या. चेहरा नव्या नवरीसारखा खुललेला. काका नुसते म्हणाले, “झेरॉक्सच्या दुकानात जाऊन काढून आणलं. तुमीबी काढा आपलं, संगं चला.” मी काढलं. मला सात हजार शंभरला पडलं.

नागपूरच्या विमानतळाच्या दारात शिपायाने ओळखपत्र मागितलं. काकूंनी कमरेच्या पिशवीतून आधार कार्ड काढून मोठ्या ऐटीत त्याच्यापुढे धरलं आणि आत जाताना माझ्याकडे बघून म्हणाल्या, “बराबर बसवानीच हाय सगळं.” मी मान डोलावली. मला काही कळलं नव्हतं.

विमानात काकूंना दुसऱ्या रांगेतली खिडकी मिळाली होती. मी तिसऱ्या रांगेत. काका पार मागे, संडासाजवळ, दोन धिप्पाड माणसांच्या मधे. मला नवल वाटलं. जागेचे वेगळे पैसे घेतात हे कळल्यावर याच माणसाने माझ्या ओसरीवर भाषण दिलं होतं की, “जागेचे अलग, तं तिकीट कायचं? लटकाचं?”

विमान वर जाऊन सरळ झालं, पट्टे सोडायची खूण झाली आणि काका उठले. हवाईसुंदरी धावत आली, “सर, प्लीज बैठिए.” काका म्हणाले, “बेटा, चलती गाडी में मैं कभी बैठा नहीं.” आणि त्यांनी कानामागचं पेन काढून शेवटच्या रांगेपासून सुरुवात केली.

“आपका कितने का पडा? आपका? पुढं बोला, तुमचं?”

पहिल्यांदा लोक दचकले. पण आवाजात चौतीस वर्षांची जरब होती. माणसं आपोआप खिसे चाचपू लागली. एका कॉलेजच्या पोराने बत्तीसशे सांगितले, त्याच्या शेजारच्याने नऊ हजार, आणि शेजारचा त्या पोराकडे असा बघायला लागला की जणू त्यानेच खिसा कापला. एकाच ऑफिसातले तिघे तीन दरांचे निघाले. सगळं विमान मागे वळून बोलायला लागलं. काका प्रत्येक आकडा ओकारीच्या कागदी पिशवीवर टिपून घेत पुढे सरकत होते. हवाईसुंदरीने त्यांना अडवायचं सोडून दिलं आणि हळूच सांगितलं, “अंकल, हमारी तो दो महीने की तनख्वाह नहीं हुई.” काकांनी पेन थांबवलं. “बेटा, दूसरी जगह अर्जी दे दे. जल्दी दे,” ते म्हणाले.

ते दुसऱ्या रांगेपाशी पोचले तेव्हा काकूंच्या शेजारची बाई विचारत होती, “आजी, तुम्हाला कितीला पडलं?”

“मले झिरो,” काकू म्हणाल्या, चांगल्या खणखणीत आवाजात. “बायायले फुकट हाय न. आधार दाखवलं की झालं.”

आसपासच्या चार रांगांतल्या बायकांचं बोलणं एकदम थांबलं. “फुकट? आम्ही तर साडेसात हजार भरले,” एक म्हणाली. सगळ्या काकांकडे बघायला लागल्या. चौतीस वर्षांत एक खोटं तिकीट न फाडलेला माणूस तिथं मधोमध उभा होता. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

मग त्यांनी घसा साफ केला. “आदिलाबादच्या बायायलेच हाय ते. तुमच्या जिल्ह्याले अजून लागू नाही झालं,” ते म्हणाले आणि कागदी पिशवीवर काकूंच्या जागेपुढे ठसठशीत शून्य काढलं.

त्यांच्या वरच्या खिशातून काकूंच्या तिकिटाचा कागद डोकावत होता. माझ्या जागेवरून आकडा दिसला. खिडकीच्या पैशांसकट नऊ हजार आठशे. त्या यादीत एवढं महाग दुसरं कुणाचंच नव्हतं.

काका वाकून खिडकीकडे बोट दाखवत होते. “पुष्पीची माय, खाली पाह्य. पैनगंगा गेली. अन् ते तामसीचा रस्ता.” मला तर नुसते तपकिरी तुकडे दिसत होते, पण चौतीस वर्षं त्या रस्त्यावर काढलेल्या माणसाशी कोण वाद घालणार? काकू काचेला नाक लावून बघत होत्या. काका हळूच म्हणाले, “बसूनच राह्य. कोणी उठवत नाही तुले.” मी तोंड फिरवून पेपर वाचायला लागलो. अक्षरं काही लागत नव्हती.

मार्चच्या शेवटी कंपनी बसली. एका सकाळी सगळी विमानं जागच्या जागी उभी. गल्लीतली अडीच हजारांची सगळी तिकिटं बुडाली, माझी दोन त्यातच. दुसऱ्या कंपन्यांनी त्याच दिवशी दर चौपट केले. काका सकाळी सकाळी माझ्या दारात आले, पेपरची घडी माझ्या हातात ठेवली आणि एवढंच म्हणाले, “पुढं सरका, मास्तर.” पानठेल्यावर तर त्यांना महिनाभर पैसे द्यावे लागले नाहीत. ज्याला त्याला त्यांच्याकडून पुढची भविष्यं ऐकायची होती. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पुष्पीला मुलगी झाली, आणि काकू तिच्या उशाशी होत्या.

जूनमध्ये जावयाने काकूंना स्वतःच्या कारने, वाटेत मुक्काम करत आणून सोडलं. दुसऱ्या दिवशी त्या मुधोळला निघाल्या होत्या, बहिणीला नातीचे फोटो दाखवायला. जाता जाता नातीचा पेढा घेऊन माझ्याकडे आल्या. काका पिशवी घेऊन फाटकाशी थांबले होते. काकूंनी पेढा दिला, पण रेंगाळल्या.

“मास्तर, एक विचारू? ते इमानाची कंपनी मह्यामुळं तं नसंल बुडाली?”

“तुमच्यामुळं?”

“चौतीस वर्षं त्यायनं महं तिकीट फाडलं. एकडाव फुकट नेलं, तं कंपनीच बुडाली. मी खिडकीतबी बसले होते. मनाले लागून राह्यलं मह्या.”

मी फाटकाकडे पाहिलं. काकांनी सगळं ऐकलं होतं. ते मान हलवून मला ‘नको, नको’ म्हणत होते, आणि त्या कडक माणसाचे डोळे भरलेले मी त्या दिवशी पाहिले. गुरुजींच्या दारात पुसलेले डोळे वेगळे होते.

“काकू, मी गणिताचा मास्तर आहे,” मी म्हणालो. “शून्य वजा केलं तर काही कमी होत नाही. तुमच्यामुळं कंपनीचा एक पैसा बुडाला नाही.”

“मंग बरं,” काकू म्हणाल्या आणि मोकळं हसल्या.

काकांनी पिशवी काखेत मारली. “हळू ये तू. बस लागली असंल. मी व्हतो पुढं,” असं म्हणत ते स्टँडच्या दिशेने जवळजवळ पळतच निघाले. मी ओसरीवरून बघत राहिलो. कोपऱ्यावर जाताना त्यांनी खिशातून रुमाल काढून, डोळ्यांना न लावता, हातात तयार धरला होता.