फ्लोट आणि नागुबाईची घागर

'फ्लोट' या क्रियापदाचा अर्थ मी एका शब्दात सांगून गप्प बसलो असतो, तर त्या दिवशी आमच्या घरी वरण शिजलं असतं.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. नव्या कचेरीत कारकुनांची भरती निघालेली, म्हणून आमची सून सिंधू पाण्याच्या रांगेतही इंग्रजीचं पुस्तक घेऊन उभी. दुष्काळानं आटलेल्या विहिरीतच टँकर ओतत आणि सगळं गाव पाणी शेंदायला तुटून पडे. आमची पाळी आली तेव्हा माझी बायको नागुबाई हंडा आणायला घरी गेली होती. तिच्या माहेरच्या पितळी घागरीचा दोर (सिंधूच्या हातात पुस्तक असल्यामुळे) माझ्या हाती होता.

"मामा, फ्लोट म्हणजे?"

"तरंगणे," मी म्हणालो. पण इंग्रजीत एम. ए. झाल्यापासून मला स्वतःच्या कुठल्याच उत्तराची खात्री वाटत नाही. "बहुतेक. थांब, दाखवतोच." मी घागर अलगद पाण्यावर टेकवली. "बघ, पितळेची असून बुडत नाही!"

"मग बुडवा की, सर!" मागून महादेवप्पा ओरडला. "लोकं पाणी न्यायलेत, तुमी खेळायलाव!"

"एकच मिनिट, शब्दाचा उगम राहिला." (उगम सांगायला मला दोन्ही हात लागतात. कॉलेजातली सवय.) "फ्लोट आणि फ्लो एकाच कुळातले. संस्कृतातला प्लव त्यांचा लांबचा भाऊ." किती लांबचा, ते दाखवायला मी हात पसरले.

दोर गेला. घागर मात्र तरंगली! माझं उत्तर बरोबर आलं, या आनंदात मी असतानाच महादेवप्पाची बादली तिच्यावर आदळली आणि ती गडप झाली.

तेवढ्यात नागुबाई हंडा घेऊन आली. "अहो, घागर कुठाय?"

"आत्तापर्यंत तरंगत होती."

हंड्याला बांधायला दोर नव्हता, आणि आपला दोर सोडून द्यायला कुणाला सवड नव्हती.

"घागर काढायला गळ आणू का?" मी विचारलं.

"कशाला?" महादेवप्पा शेंदता शेंदता म्हणाला. "पाणी सरलं की दिसंलच."

दिसली. तळाशी, गाळात तोंड खुपसून. एकानं उतरून ती वर काढली, तेव्हा विहिरीत ओंजळभरही पाणी उरलं नव्हतं.

नागुबाईनं घागर पुसून माझ्यापुढं धरली. "घ्या डोक्यावर."

"मी? अगं, डोक्यावर राहील का ती?"

"राहती की. रिकाम्यावर रिकामं नीट बसतंय."