काखेतली शेवटची गाठ

आधी स्नान, मग शृंगार, हा क्रम निवृत्त पोस्टमास्तरांनी जन्मभर पाळला होता. रोज पहाटे त्यांची देवपूजा याच क्रमाने चाले. त्यामुळे नातीच्या कुत्र्याच्या पिल्लाला विंचरण्यापूर्वी स्वच्छ आंघोळ घालावी असे त्यांच्या मनात आले, तेव्हा आपण काही निर्णय घेत आहोत, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हते.

पिल्लाचे नाव कापूस. पांढरे, लांब केसांचे, ओंजळीत मावेल एवढे. पुढची बाजू कोणती आणि मागची कोणती, हे शेपटी हलेपर्यंत कळू नये. लेक नातीला घेऊन आठवडाभरासाठी परगावी निघाली, तेव्हा नातीने कापूस आजोबांच्या मांडीवर ठेवला आणि हातात लोखंडी दातांचा कंगवा दिला.

"आजोबा, रोज विंचरायचं. अगदी कातडीपर्यंत हं! डॉक्टरकाका म्हणालेत, जटा झाल्या तर याला पूर्ण भादरावं लागेल." हे सांगताना तिचे डोळे भरून आले.

"केसालाही धक्का लागू देणार नाही, बाळ," छातीवर रुळणारी शुभ्र दाढी कुरवाळत पोस्टमास्तरांनी शब्द दिला.

(या दाढीविषयी थोडे सांगणे भाग आहे. रस्त्याने जाताना अनोळखी माणसे ती पाहून हात जोडत. आपण केवळ मधले टपाल कार्यालय, नमस्कार पुढे परमेश्वराकडे रवाना होतो, असे पोस्टमास्तर नम्रपणे म्हणत. वाटेत तो त्यांच्यापाशी बराच वेळ रेंगाळे, हे मात्र ते कोणाला सांगत नसत.)

लोखंडी कंगवा त्या कोवळ्या जिवाला लावणे त्यांना क्रूरपणाचे वाटले. त्यांनी देव्हाऱ्यातली मखमल झटकण्याचा मऊ ब्रश घेतला आणि रोज सकाळी कापसाच्या पाठीवरून तो अलगद फिरवला. पिल्लू चकाकू लागले. ते पाहून पोस्टमास्तरही चकाकू लागले.

नात परतायची त्या दुपारी त्यांनी कोमट पाण्याने कापसाला यथासांग न्हाऊ घातले, टॉवेलने खसखसून पुसले आणि उन्हात बसवले. तासाभराने पाहतात तो काय! पोटाखाली, कानांमागे, काखांत कठीण गोळे झालेले. कापूस उठून चार पावले चालला तो दुसऱ्याची विजार घातल्यासारखा.

"अहो, हे काय? घोंगडी झाली की त्याची!" पोस्टमास्तरीणबाई धावत आल्या.

"सकाळी तर रेशमासारखा होता."

"वरून होता. आत कधी बोट घालून पाहिलंत?"

"मी रोज विंचरलं गं त्याला!"

"वरवर! आणि गुंता सोडवल्याशिवाय पाणी घालतं का कुणी? भिजला की आवळतो तो. इतकी वर्षं माझी वेणी पाहताय, एवढंही कळलं नाही?"

(वेणी त्यांनी पाहिली होती. ती घालताना पाहिले नव्हते.)

"कात्री आणू?" बाईंनी विचारले.

"कात्रीचं नाव काढू नकोस. पोरीला शब्द दिलाय मी."

"मग हे घ्या तेल, आणि बसा. संध्याकाळच्या आत उरकायला हवं."

पोस्टमास्तर मांडी घालून बसले. तेलाचे बोट लावायचे, गाठ चिमटीत धरायची, टोकाकडून एकेक केस मोकळा करीत मुळाशी यायचे. पहिली गाठ सुटली तेव्हा खालची गुलाबी कातडी दिसली आणि तिच्याखाली धडधडणारे इवलेसे हृदय बोटाला लागले. पोस्टमास्तर थबकले. कापसाने पोट वर केले, चारही पाय सोडून दिले आणि तो निवांत झोपला. ज्याने आपल्या अंगाची ही दशा केली, त्याच्याच हाती सारा देह सोपवून झोपायचे! एवढ्याशा जिवात ही केवढी शरणागती! जन्मभर हातात माळ फिरत असताना पोस्टमास्तरांचे मन दूधवाल्यापासून विजेच्या बिलापर्यंत हिंडून येई. आज ते त्या पांढऱ्या केसांतून तसूभर हलले नाही. एकेक गाठ सुटत गेली, आणि आपल्याही आत काही सुटते आहे, असे त्यांना वाटू लागले.

शेवटची गाठ काखेत होती. चष्मा घसरत होता, म्हणून ते अगदी नाक टेकेपर्यंत वाकले. गाठ विलक्षण होती. सोडवावी तितकी वाढत होती. त्यांनी ती हलकेच ओढली, आणि चमत्कार झाला. पिल्लू निवांत झोपलेले, आणि कळ उठली ती पोस्टमास्तरांच्या हनुवटीत!

त्यांनी पुन्हा ओढून पाहिले. पुन्हा कळ. त्यांचे डोळे पाझरू लागले.

"अगं, ऐकलंस का!" सद्गदित होऊन ते स्वयंपाकघराकडे ओरडले. "याची गाठ ओढली की मला दुखतं गं!"

"वय झालं, दुसरं काय!" आतून उत्तर आले.

पण पोस्टमास्तर त्या उत्तराच्या पलीकडे गेले होते. दुसऱ्या जिवाची वेदना आपल्या देहात उमटावी, याहून मोठी अनुभूती कोणती? मी आणि हा वेगळा नाहीच, असे ते पुटपुटले, आणि दाराची घंटा वाजली.

कापूस ताडकन उठला आणि दाराकडे धावला. पोस्टमास्तरही धावले. त्यांना दुसरा मार्गच नव्हता. बाईंनी दार उघडले तेव्हा पुढे पिल्लू आणि मागे त्याच्या काखेत तोंड घातलेले, रांगणारे पोस्टमास्तर, अशी ती वरात उंबरठ्यापाशी पोचली.

"आई! आजोबा कापसाला चावतायत!" नात किंचाळली.

"बाबा, हलू नका," लेक म्हणाली आणि गुडघ्यांवर बसून पाहू लागली. "आई, तेलात दोघांचे केस वळले गेलेत. आता कात्रीच लागेल."

"कापसाचे कापायचे नाहीत!" नातीने पिल्लाला मिठी मारली. "आजोबांनी शब्द दिलाय."

सगळ्यांच्या नजरा दाढीवर स्थिरावल्या. पोस्टमास्तरांनी डोळे मिटले. आजवर वाटेत अडवून ठेवलेले सारे नमस्कार त्यांच्या मिटल्या डोळ्यांपुढून गेले.

"काप," ते म्हणाले.

दाढीचा पाश तुटताच कापसाची गाठ आपोआप सैल झाली. नातीने कंगवा कानापासून शेपटीपर्यंत फिरवला. तो कातडीला लागून गेला, पण कुठे अडकला नाही. "एकही जट नाही!" ती आनंदाने ओरडली.

हनुवटीवर उरलेले चार खुंट भलतेच केविलवाणे दिसत होते. पोस्टमास्तरांनी न्हाणीघरात जाऊन सगळी दाढी उतरवली आणि ते बाहेर आले. कापूस त्यांच्यावर परक्यासारखा भुंकला. त्यांनी मोठ्या आशेने बायकोकडे पाहिले. त्यागाविषयी एखादा शब्द निघेल, असे त्यांना वाटत होते.

बाईंनी तो चेहरा बराच वेळ न्याहाळला.

"आत्ता आठवलं," त्या म्हणाल्या, "दाढी ठेवा म्हणून मीच का मागे लागले होते ते."